सेवेची वाट घरातूनच निघते

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर मुरबाड येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल संध्याकाळी कल्याणहून एस.टी.ने मुरबाडला उतरलो. म्हशाच्या यात्रेचे दिवस असल्याने गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रीचा मुक्काम एका कार्यकर्त्याच्या घरी होता. त्या घरातील मुलगा येत्या महिन्यात पूर्णवेळ धर्मसेवेसाठी बाहेर पडणार आहे. ओटीवर त्याच्या तयारीची चर्चा चालली होती. प्रथमोपचाराचा वर्ग झाला, भजनांची वही तयार झाली, वारली बोलीतील शे-दीडशे शब्द पाठ झाले, पेटीवर बोटे बसू लागली. सारेच ऐकून मन प्रसन्न झाले. मग जेवायला बसलो. त्याच्या आईने तांदळाची भाकरी वाढता वाढता हलक्या आवाजात मला विचारले, "भाऊ, वर्षातून किती वेळा घरी येऊ देतात हो?"

मी म्हणालो, "येतात की, सणावाराला येतात." त्या माउलीने मान हलवली आणि गुडघ्यावर हात टेकून ती पुन्हा चुलीकडे वळली. माझ्या उत्तराने तिचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

आयोजकांनी मला ‘सेवाव्रत आणि पूर्वतयारी’ असा विषय दिला आहे. त्यावर मी टिपण काढून आणले होते. ते आज खिशातच राहू द्यावे असे म्हणतो. प्रशिक्षणवर्ग, दिनचर्या, पाठांतर, प्रवास यांविषयी सांगणारे जाणकार येथे पुष्कळ आहेत. मी त्या मातेच्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. कारण तो प्रश्न प्रत्येक घरात असतो आणि आपल्या बैठकींत मात्र तो क्वचितच विषयपत्रिकेवर येतो. बाहेर पडणारा तरुण तो मनात दाबून ठेवतो, आई-वडील ओठांवर आणत नाहीत आणि आपण कार्यकर्ते तो विचारायचे टाळतो. तिघांच्या या मौनाला आपण ‘त्याग’ असे भारदस्त नाव देऊन मोकळे होतो.

पाड्यावर राहिलेली म्हातारी माणसे

आपल्या या दोन तालुक्यांकडे पाहा. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईची तहान भागवते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर फाल्गुन उलटला की बायाबापड्या हंडे घेऊन कोसभर चालू लागतात. पाणी जसे येथून शहराकडे जाते, तशीच तरुण माणसेही जातात. भात झोडून झाले, दिवाळी सरली, की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. शिकलेली मुले आसनगाव, वासिंद येथून पहाटेची लोकल पकडतात. मुरबाडकडची मुले औद्योगिक वसाहतीत नाहीतर कल्याण-ठाण्यास नोकरी धरतात. पौष-माघात एखाद्या पाड्यावर जा. तेथे तुम्हाला म्हातारी माणसे, कोंबड्या आणि एखादे कुत्रे भेटेल. म्हातारा अंगणात उन्हाला बसलेला असतो. त्याला ताप असेल तर ते कळायला दुसरे माणूस घरात नसते.

आपला सेवाकार्यकर्ता नेमका अशाच पाड्यांवर जातो. तो भजन घेतो, मुलांना गोळा करतो, आजारी म्हातारीला दवाखान्यात पोहोचवतो. हे काम मोठे आहे यात शंका नाही. परंतु यातील विलक्षण पेच ध्यानात घ्या. ज्याची स्वतःची आई मुरबाडच्या एखाद्या गावात एकटी आहे, तो मुलगा मोखाड्याच्या पाड्यावरील दुसऱ्याच्या आईला औषध पाजत असतो. ‘सगळ्या माता त्या आपल्याच माता’ असे आपण व्यासपीठावरून सहज म्हणतो. ते सत्यच आहे. पण मग त्या ‘सगळ्या मातां’मध्ये त्या कार्यकर्त्याची जन्मदात्री आई मोडते की नाही? मोडत असेल, तर तिला औषध पाजणारा कोण, हे तो निघण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे.

परंपरा काय सांगते?

काही जण म्हणतील की, हा मोह आहे. घराचा पाश तोडल्याखेरीज सेवा घडत नाही. मीही तरुणपणी असेच बोलत असे. म्हणून परंपरेकडे जरा बारकाईने पाहू. ज्यांनी घर सोडले त्या थोरांनी आई-वडिलांचे काय केले?

आद्य शंकराचार्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. कालडीच्या नदीत मगरीने पाय धरला तेव्हा त्यांनी आईकडून संन्यासाची अनुमती मिळवली. त्या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण भराभर सांगून टाकतो. जाताना त्यांनी आर्यांबेला शब्द दिला की, तुझ्या अंतकाळी मी येईन. परंपरा सांगते की ते आले. संन्याशाने अंत्यसंस्कार करू नयेत म्हणून भाऊबंद आडवे आले, चितेला हातभार लावायलाही कोणी पुढे झाले नाही. तरीही आचार्यांनी आपल्या हातांनी मातेला अग्नी दिला. ज्याने साऱ्या जगाला माया म्हटले, त्याने आईला दिलेला शब्द माया मानला नाही.

आपल्या महाराष्ट्रातील समर्थ रामदासस्वामींचे उदाहरण तर घरोघरी सांगितले जाते. लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेला बारा वर्षांचा नारायण, टाकळीची बारा वर्षांची तपश्चर्या, नंतरचे बारा वर्षांचे देशाटन आणि मग जांबेत मातेची भेट. राणूबाईंची दृष्टी तोवर गेली होती. समर्थांच्या हस्तस्पर्शाने ती परत आली, असे चरित्रकार भक्तिभावाने सांगतात. या कथेत आपली नजर नेहमी परत आलेल्या पुत्रावर खिळते. माझा प्रश्न वेगळा आहे. मधली चोवीस वर्षे राणूबाईंच्या हाताला धरून त्यांना अंगणापर्यंत कोण नेत होते? त्यांचे थोरले पुत्र गंगाधरपंत. त्यांना ‘श्रेष्ठ’ म्हणत. तेही अधिकारी पुरुष होते, ‘रामीरामदास’ या नावाने त्यांनी ग्रंथरचना केली. ते जांबेत राहिले, त्यांनी प्रपंच केला, आईला सांभाळले. जो राहिला त्यालाच लोकांनी ‘श्रेष्ठ’ म्हटले, हा योगायोग असेल. पण मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. धाकट्याला देशभर फिरता आले, कारण थोरला घरी उभा होता.

आता अगदी अलीकडच्या, कागदोपत्री नोंद असलेल्या काळात येऊ. स्वामी विवेकानंदांच्या वडिलांचे १८८४ साली निधन झाले आणि सुखवस्तू दत्त घराणे एकाएकी दारिद्र्यात लोटले गेले. भाऊबंदकीचे दावे सुरू झाले. रामकृष्णांच्या महासमाधीनंतर वराहनगरच्या मठात साधना चालू असताना हाच तरुण आईच्या घराच्या हक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढत होता. पुढे खेतडीचे राजे अजितसिंह १८९१ पासून दरमहा शंभर रुपये त्या कुटुंबाला पोहोचवू लागले. १८९८ साली, जगभर कीर्ती झाल्यानंतर, स्वामीजींनी त्याच राजांना पत्र लिहून विनंती केली की, ही रक्कम माझ्या आईला ती असेतोवर कायम मिळावी. शिकागोच्या व्यासपीठावर ताठ मानेने उभे राहिलेले स्वामीजी आईच्या पोटासाठी मागणे मागायला लाजले नाहीत. १९०१ साली, प्रकृती खालावलेली असताना, त्यांनी भुवनेश्वरीदेवींना पूर्व बंगाल आणि आसामकडील तीर्थयात्रा घडवली. पुढच्याच वर्षी ४ जुलैला त्यांनी देह ठेवला. माता त्यांच्यामागे नऊ वर्षे जगली. १९११ साली ती गेली, तोवर गुरुबंधूंनी तिची विचारपूस सोडली नाही.

पूजनीय श्रीगुरुजींचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. भाऊजी आणि ताई यांच्या नऊ अपत्यांपैकी जगलेले ते एकटे. १९३६ साली ते सारगाछीला स्वामी अखंडानंदांकडे निघून गेले, तेव्हा या वृद्ध होऊ लागलेल्या दांपत्याच्या मनाचे काय झाले असेल? १३ जानेवारी १९३७ रोजी दीक्षा झाली आणि महिन्याच्या आत, ७ फेब्रुवारीला, स्वामी अखंडानंद निवर्तले. त्यानंतर गुरुजी हिमालयात गेले नाहीत. ते नागपूरला परतले आणि समाजकार्यात रमले. १९४० नंतर देशभर अखंड प्रवास, १९४८-४९ चा कारावास, आणि नागपूरच्या त्या घरात वाट पाहणारी दोन माणसे. भाऊजी १९५४ साली गेले, ताई १९६२ साली. आपण गुरुजींच्या प्रवासाचे किलोमीटर मोजतो. भाऊजी-ताईंनी दाराकडे लावलेल्या नजरेचे मोजमाप कोणत्याही अहवालात नाही.

आपल्या परंपरेच्या बाहेरचेही एक उदाहरण देतो. मदर तेरेसांच्या कार्याच्या हेतूविषयी आपले मतभेद आहेत आणि ते आपण लपवलेले नाहीत. परंतु १९२८ साली, अठराव्या वर्षी ती मुलगी घरातून निघाली, ती आईला पुन्हा कधीही भेटू शकली नाही. आई अल्बानियात अडकली, तेथील साम्यवादी राजवटीने भेटीची परवानगी दिली नाही, आणि १९७२ साली तिराना येथे आई वारली. धर्म कोणताही असो, सेवेसाठी घर सोडणाऱ्याच्या काळजात हा एक काटा असतोच. तो असण्यात कमीपणा नाही. तो नाही असे दाखवण्यात मात्र खोटेपणा आहे.

बदललेले अक्षर

आता थोडे स्वतःविषयी बोलतो. हे मी आजवर जाहीरपणे बोललेलो नाही. येथे बोलतो आहे, कारण समोर काही तरुण निघायच्या तयारीत बसले आहेत.

१९९२ साली मी मराठी घेऊन बी.ए. झालो. १९९३ च्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून मोखाड्याला गेलो. आमचे गाव येथून टोकावड्याच्या बाजूला, माळशेजच्या पायथ्याकडे. आई मी महाविद्यालयात असतानाच गेली होती. अण्णा प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. थोरली बहीण शहापूर तालुक्यात दिलेली. निघताना मी अण्णांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "जा. माझी काळजी करू नकोस. माझं मी बघतो."

मित्रांनो, हे वाक्य मी अक्षरशः खरे मानले. कारण ते खरे मानणे माझ्या सोयीचे होते. अण्णा काय खातात, त्यांना कोणती औषधे आहेत, निवृत्तिवेतन आणायला बँकेत कोण नेते, रात्री काही झाले तर हाक कोणाला मारायची, यातील एकही प्रश्न मी विचारला नाही. विचारले असते तर कदाचित निघता आले नसते, अशी भीती मनात कुठेतरी असावी.

दर पंधरवड्याला अण्णांचे पोस्टकार्ड येई. मास्तरांचे अक्षर, बोरूने घटवलेले, ओळ न वाकणारे. मजकूर ठरलेला: इकडे सर्व क्षेम आहे, प्रकृतीस जपावे, कार्यात खंड पडू देऊ नये. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात ओळी खाली उतरू लागल्या. पुढच्या संक्रांतीनंतर अक्षरच बदलले. ते गोल, मुलीचे अक्षर होते. मजकूर तोच: इकडे सर्व क्षेम आहे. मी ते कार्ड हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो, हे मला लख्ख आठवते. मग त्या दिवशीच्या बैठकीची वेळ झाली आणि मी कार्ड पिशवीत टाकले. मी विचारले नाही. मी पत्र लिहून एवढेही विचारले नाही की, अण्णा, हे अक्षर कोणाचे?

१९९५ च्या दिवाळीत घरी गेलो. अण्णांनी माझ्यासाठी तांब्यातून पाणी ओतले आणि ते पेल्याच्या बाहेर पडले. त्यांना पेल्याची कड दिसत नव्हती. डॉक्टरांकडे नेले तेव्हा कळले की काचबिंदू होता. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूत डोळ्यामागची नसच मरत जाते. तो दुखत नाही, आधी कडेची दृष्टी चोरतो, आणि जी गेली ती परत येत नाही. वेळेवर तपासणी होऊन थेंब सुरू झाले असते तर उरलेली नजर राखता आली असती, असे डॉक्टर म्हणाले. वर्षभरापूर्वी आला असतात तर, एवढेच ते म्हणाले आणि थांबले. वर्षभरापूर्वी काय झाले होते ते मला माहीत होते. अक्षर बदलले होते.

पत्रे शेजारची शाळकरी मुलगी लिहीत होती. ताई दर पंधरा दिवसांनी शहापूरहून एस.टी.ने येऊन अण्णांचे दळण-कांडण, धुणे, औषध पाहून जात होती. "बाळ्याला कळवायचं नाही," अशी शपथ अण्णांनी तिला घातली होती. आपल्या संसारातून, सासरची बोलणी ऐकून ती हे करत होती आणि मी मोखाड्यात सत्कार स्वीकारत होतो. राणूबाईंची कथा मी त्या काळात किती वेळा सांगितली असेल! समर्थांच्या हाताला ती सिद्धी होती. माझ्या हाताला नव्हती.

मी परत जाऊन आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना सारे सांगितले. मला वाटले, ते धीर देतील, ध्येयाची आठवण करून देतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू सांगितलं नाहीस ही तुझी चूक. पण आम्ही विचारलं नाही, ही आमची त्याहून मोठी." त्यांनीच मला घरी पाठवले. पुढे कल्याणला वृत्तपत्रात नोकरी लागली, अण्णांना तेथे घेऊन गेलो. रोज रात्री त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत असे. २००४ साली ते गेले. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

तयारी म्हणजे काय?

हे ऐकून कोणी घरी बसावे, असा माझा मुळीच हेतू नाही. तसे झाले तर हे भाषण वाया गेले. पाड्यांना कार्यकर्ते हवेत, देवळांना कीर्तनकार हवेत. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. खेड्यापाड्यांतील मुले घर सोडून तेथे राहिली, माधुकरी मागून शिकली, म्हणून आज गावोगाव कीर्तन उभे आहे. कोणीतरी निघालेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की आई-वडिलांची व्यवस्था हा सेवेच्या वाटेवरील अडथळा नाही. ती सेवेची पहिली पायरी आहे. पेटी शिकण्याआधी, बोली शिकण्याआधी ती चढायची आहे.

निघणाऱ्या तरुणांना माझे काही आग्रहाचे सांगणे आहे. पहिले म्हणजे, आई-वडिलांकडे केवळ परवानगी मागू नका. परवानगी ते देतातच. त्यांना कशाची भीती वाटते ते विचारा. उत्तर एका बैठकीत मिळणार नाही. भात लावताना, गुरे बांधताना, चार दिवस बरोबर राहून विचारा. कोणाला रात्रीची भीती असते, कोणाला पैशाची, तर कोणाला आपण मरू तेव्हा मुलगा वेळेवर पोहोचणार नाही, ही भीती असते.

दुसरे, निघण्यापूर्वी त्यांची संपूर्ण तपासणी करून घ्या. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. रक्तदाब, साखर आणि डोळे. डोळ्यांचा दाब तपासा, असे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. काही दुखत नाही म्हणून सारे ठीक आहे, असे धरून चालू नका.

तिसरे, कागदपत्रे. सातबारा, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक एका पिशवीत आणि ती पिशवी कोठे आहे ते दोन माणसांना माहीत. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांसाठी राज्य शासनाची श्रावणबाळ सेवा निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा दीड हजार रुपये झाली. उत्पन्नाची अट बसत असेल तर तहसील कचेरीत अर्ज करा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. त्याचे कार्ड स्वतः काढून द्या. श्रावणबाळाचे नाव योजनेला देऊन शासन आपले काम करते. कावड मात्र घरच्यांनाच उचलावी लागते.

चौथे, गावातील दोन घरे नेमून घ्या. एक घर पुरत नाही, कारण तेही कधी लग्नाला, कधी वारीला जाते. त्या दोन घरांनी रोज एकदा उंबऱ्यावर जाऊन हाक मारायची. आणि पाचवे, परत येण्याचे दिवस आधी ठरवा. घरच्या कालनिर्णयवर आईसमोर त्या तारखांना खूण करा. लावणीचे चार दिवस, कापणीचे चार दिवस, वडिलांच्या तपासणीचा दिवस. बैठक पुढे ढकलता येते. म्हातारपण पुढे ढकलता येत नाही.

आणि अक्षर बदलले, आवाज बदलला, फोनवर ‘सर्व ठीक’ हे उत्तर जरा जास्तच लवकर आले, तर त्याच दिवशी निघा.

मागे राहणाऱ्यांसाठी

घरी राहणाऱ्या भावांना, सुनांना आणि सासरहून येऊन माहेर सांभाळणाऱ्या बहिणींना मला सांगायचे आहे की, तुम्हीही कार्यकर्ते आहात. तुमचे नाव कोणत्याही यादीत नाही, तुम्हाला कोणी श्रीफळ देत नाही. माझ्या ताईला कोणी दिले नाही, मीही नाही. ही चूक आपण सुधारली पाहिजे. एखाद्या कार्यकर्त्याचा सत्कार करताना त्याच्या घरी जो राहिला त्याला आधी बोलावून पुढे बसवा.

व्यवस्था पाहणाऱ्या ज्येष्ठांनाही हात जोडून विनंती आहे. एखादा तरुण ‘मी निघतो’ म्हणाला की आपल्याला आनंद होतो, आणि त्या आनंदात आपण त्याच्या घरी जायला विसरतो. त्याचे नाव नक्की करण्यापूर्वी त्याच्या घरी एक रात्र मुक्काम करा. तो गेल्यानंतर दर महिन्याला कोणीतरी त्या घरी जाऊन चहा प्यावा. कोणाला दोन-तीन वर्षांनी परत यावे लागले, तर त्याच्याकडे ‘गळलेला’ म्हणून पाहू नका. मला माझ्या ज्येष्ठांनी तसे पाहिले नाही, म्हणून मी आज येथे उभा आहे. पंढरपुरात पुंडलिकाने आई-वडिलांची सेवा अर्धी टाकली नाही, देवाला विटेवर थांबवले. देव अठ्ठावीस युगे थांबू शकतो, तर आपली बैठक एक दिवस थांबू शकते.

आणि मातापित्यांनो, आपल्यालाही एक विनंती आहे. ‘माझी काळजी करू नकोस’ हे वाक्य आपण मायेने बोलता, पण त्याने मुलाची फसवणूक होते. अण्णांनी माझ्यासाठी आपले दुखणे लपवले. त्यांना वाटले की ते माझ्या कार्याला हातभार लावत आहेत. त्यांनी ‘डोळ्यांना दिसत नाही रे’ एवढे एका कार्डावर लिहवले असते, तर मी आठ दिवसांत परतून आलो असतो, थेंब सुरू करून पुन्हा गेलो असतो, आणि कदाचित आणखी दहा वर्षे काम केले असते. दुखणे सांगणे म्हणजे मुलाची वाट अडवणे नव्हे. उलट त्यानेच त्याची वाट मोकळी होते.

आपल्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी प्राण वेचले. दरवर्षी आपण तेथे जाऊन नतमस्तक होतो. तो प्रसंगच असा होता की मागे वळून पाहायला अवसर नव्हता. आजच्या सेवाकार्यात तो अवसर आहे. असलेला अवसर वापरायचा नाही आणि त्याला बलिदान म्हणायचे, हे हुतात्म्यांना शोभणारे नाही.

काल रात्री त्या माउलीने विचारले होते, ‘किती वेळा येऊ देतात?’ आज सकाळी निघताना मी तिला सांगून आलो की, आई, येऊ देणारे आम्ही कोण? तो कधी येणार हे तुम्ही दोघांनी आज बसून ठरवा, आणि आम्हाला कळवा. आम्ही आमचे कार्यक्रम त्याप्रमाणे लावू. ती हसली नाही. आत जाऊन तिने भिंतीवरचे कालनिर्णय काढले आणि मुलापुढे ठेवले. मी पायऱ्या उतरलो तेव्हा दोघे जण ज्येष्ठाचे पान शोधत होते. यंदा लावणी कधी लागेल, यावर त्यांचा वाद चालला होता.

माझ्या मते त्या मुलाची पूर्वतयारी आज सकाळी सुरू झाली.